साडेबारा टक्के

जुईनगर,
११ सप्टेंबर २०२५

प्रिय सुचिताताई,

नमस्कार. बाळ-बाळंतीण मजेत असतील. तू असताना सूनबाईला डिंकाच्या लाडवांतून सुटका नाही, हे मला इथे बसून दिसतंय. आम्हीही ठीक आहोत.

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोन केला असता, पण तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि तेजस मागून "मावशी, मोठ्यानं बोल" म्हणून ओरडत असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं तर ते तुझ्याआधी तोच वाचतो. म्हणून पोस्टात गेले. परदेशचा पत्ता बघून खिडकीवरच्या मुलीनं विचारलं, आत काय आहे? मी म्हटलं, पत्र. तिनं पुन्हा विचारलं, नुसतं पत्र?

गौरीला तळवलीला तुझ्या आईकडे जाऊन आले. आत्याच्या गुडघ्यानं नाच बंद केलाय, तोंडानं नाही. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरणींना तिनं फेर धरायला लावला आणि स्वतः खुर्चीत बसून त्यांच्या चुका काढत होती. तू पैसे पाठवून घेतलेला वॉकर दारामागे आहे. त्यावर टॉवेल वाळतात. औषधं घेते, म्हणजे मी समोर असले की घेते. दादा गेले, आई गेली, तीन वर्षांपूर्वी तुझे बाबाही गेले. चौघांतली ती एकटी उरली, तेव्हापासून मी दर रविवारी जाते. तू तिकडे निवांत राहा.

तेजसनं ग्रुपवर टाकलेला डीएनएचा रिपोर्ट पाहिला. मे महिन्यात गावातल्या लग्नाला आला होता तेव्हा हळदीच्या मांडवामागे उभं राहून मी त्याच्या नळीत थुंकले होते. आधी अर्धा तास पाणी प्यायचं नव्हतं, त्या उन्हात तेवढंच लक्षात राहिलं. जगभरच्या लाखो माणसांच्या साठ्यात माझं नाव बरोबर तुझ्या नावाखाली येऊन बसलं: फर्स्ट कझिन. सगळ्यांनी अंगठे पाठवले. तेजसनं लिहिलं, "सायन्सनं सिद्ध केलं, आई आणि मावशी खऱ्या बहिणी!" मीही अंगठा पाठवला.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. डिसेंबरात येताना तेजस आत्यासाठीही एक किट आणणार म्हणतोय. ते आणू देऊ नकोस. तिचं वय झालंय. तपासणी म्हटलं की ती आठ दिवस जेवत नाही. थुंकायचंच आहे, सुई नाही, हे मला माहीत आहे. तरी नको. तेजसला काहीतरी कारण सांग, त्या वयाच्या माणसांचं नीट येत नाही वगैरे. तुझं तो ऐकेल.

एवढंच. बाळाचा फोटो नुसता पाठवू नकोस, त्याचं नाक कोणावर गेलंय तेही लिही. नको, राहू दे. ते मीच बघेन.

तुझी आतेबहीण,
वैजयंती


जुईनगर,
५ ऑक्टोबर २०२५

प्रिय सुचिताताई,

परवा फोनवर तू विचारलंस आणि मी बेल वाजली म्हणून फोन ठेवला. बेल वाजली नव्हती.

मला वाटलं होतं, तू किटबद्दल विचारशील. तू विचारलंस सहीबद्दल. "नुसती आतेबहीण? मामे कुठे गेली?" एवढ्या वर्षांनी तुझ्या ते लक्षात येईल असं वाटलं नव्हतं. शाळेत असताना सुट्टी संपली की आपण एकमेकींना कार्डं टाकायचो, तळवली ते शिरवणे, चालत गेलं तरी पत्राआधी पोचू एवढं अंतर. आणि खाली मोठ्या अक्षरांत, तुझी आतेमामेबहीण. वर्गातल्या मुलींना ते कळायचं नाही. मग आपण फुशारकीनं सांगायचो की आमच्याकडे साटंलोटं आहे. माझ्या वडिलांची, म्हणजे दादांची, बहीण तुझ्या बाबांना दिली आणि तुझ्या बाबांची बहीण माझ्या दादांना केली. म्हणून आईकडून मी तुझी आतेबहीण आणि दादांकडून मामेबहीण. दोनदा बहीण.

आता रिपोर्टचं सांगते. मला यातलं काही कळलं नसतं. ग्रुपवर सगळे खूश होते, मीही होते. पण आमच्या लेकीचं, जाईचं, मायक्रोबायॉलॉजीचं शेवटचं वर्ष. तिला मी कौतुकानं दाखवलं. ती म्हणाली, "अगं, फर्स्ट कझिन म्हणजे साडेबारा टक्के जुळतं." मी विचारलं, कोणाचा प्लॉट? तुला हसू येईल, पण मी दिवसभर बेलापूरला वकिलांकडे बसून काय करते? साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटसाठी लोकांच्या वंशावळी टाईप करते. आपल्याकडे साडेबारा म्हटलं की जमीनच डोळ्यांपुढे येते. सरकारात गेलेली आणि त्याबदल्यात साडेबारा टक्के परत आलेली.

जाई हसली. मग बोट धरून शिकवावं तसं सांगितलं, की सख्ख्या बहिणी निम्म्या जुळतात. आते, मामे, चुलत, मावस, या सगळ्या साडेबाराच्या आसपास. इंग्रजीत सगळ्यांना एकच शब्द, म्हणून मशीनही तोच एक शब्द सांगतं. सांगता सांगता ती थांबली.

"पण तुम्ही दोन्हीकडून बहिणी ना? म्हणजे दोनदा साडेबारा."

"म्हणजे पंचवीस हवेत."

"थोडं कमीजास्त, पण हो."

"आणि आमचे किती आलेत?"

तिनं मोबाईल उलटा ठेवला. आपले बारा आलेत, ताई. बारा आणि वर किंचित.

साटंलोटं म्हणजे काय हे त्या कंपनीला ठाऊक नाही. तिच्या लेखी आपण झकास बहिणी आहोत. तेजस तिकडे वाढला, त्यालाही आते आणि मामे एकच. आणि इथे ज्यांना साटंलोटं कळतं त्यांना टक्के कळत नाहीत. एक जाई अशी निघाली जिला दोन्ही कळतं. त्या दिवसापासून ती न सांगता भांडी घासते. मला तेच सहन होत नाही.

फोनवर तू शेवटी हसत म्हणालीस, कसलं टेन्शन घेतेस, भानगड असली तरी जुनी. म्हणजे तुला वास आलाच होता. तर सरळ लिहिते. आपलं एका बाजूचं नातं जुळलंय, दुसऱ्या बाजूचं नाही. कुठेतरी एक धागा नाही. मी कागदावर चौघांची नावं लिहिली, जशी रोज दुसऱ्यांची लिहिते. तू तुझ्या बाबांची नसशील असं मी एक मिनिटही धरलं नाही. तुझी हनुवटी तुला ठाऊक आहे, ती कान्हामामानंच दिलेली. आई आणि मामा बहीणभाऊ नव्हते असं म्हणायला जीभ रेटत नाही, दोघांचे दातसुद्धा एकाच ठिकाणी किडलेले. मग उरते मी. मी आईची आहे हे नक्की. बाळंतपणाला दाई होती, आत्या होती, आळीतल्या बायका होत्या. म्हणून मी तुला आतेबहीण लिहिलं. तेवढं मला खात्रीनं लिहिता येत होतं.

दादांची आहे का, ते मला माहीत नाही.

जयप्रकाशला सांगितलंय. तो पडला साताऱ्याचा जावई, त्याला आपल्या नात्यांचा गुंता अजून सुटलेला नाही. म्हणाला, सत्तेचाळीस वर्षं ज्या माणसानं तुला सायकलवरून शाळेत सोडलं त्याला आता बदलून काय करणार? सत्तेचाळीस वर्षं सायकलवरून, असं तो खरोखर म्हणाला. मी हसले. पण एकटी असले की भिंतीवरच्या दादांच्या फोटोतल्या अंगठ्याशी माझा अंगठा ताडून बघते. आणि शेजारच्या आईच्या फोटोकडे बघत नाही.

म्हणून किट नको म्हटलं. आत्याची थुंकी तपासली आणि तिचं माझं काहीच जुळलं नाही, तर आई गेल्यावर आईचं नाव जाईल, आणि तेही तिच्या नणंदेसमोर.

तुझी,
वैजू


जुईनगर,
२६ ऑक्टोबर २०२५

प्रिय सुचिताताई,

हे पत्र एकटी असशील तेव्हा वाच. घाबरायचं काही नाही, पण वाचून झाल्यावर लगेच कोणाशी बोलावं लागू नये असं वाटतं. आत्या बरी आहे. काल तिनं वॉकर बाहेर काढला, शेजारणीच्या नातवाला खेळायला दिला.

यातलं सगळं मी तिच्या परवानगीनं लिहिते आहे. परवानगी कसली, तिनंच सांगितलं. "सुचिताला तू लिही. मना तिच्या तोंडाकडं बघून जमनार नाय."

दिवाळीच्या आधीच्या रविवारी तळवलीला गेले होते. आत्या दारात पाय पसरून जवळ्याची सुकट निवडत बसली होती. मीही सुपाशी बसले. काहीही विचारायचं नाही असं ठरवूनच गेले होते. पण तेजसनं तिला परस्पर फोन केला होता आणि किटचं सांगून टाकलं होतं. मग विषय तिनंच काढला. म्हणाली, "माजी थुकी इमानानं जानार, आन मी आजून ठान्याच्या फुडं गेली नाय." आम्ही दोघी हसलो. मी म्हटलं, नको वाटत असेल तर नाही म्हण, तेजस रागावणार नाही. तिनं विचारलं, त्यातून कळतं काय? मी सांगितलं, कोण कोणाचं ते कळतं. बोटांनी जवळ्यातला कचरा काढत ती ऐकत होती.

"तुजा आन सुचिताचा काय आला?"

"बहिणी निघालो."

"किती?"

ताई, तो रिपोर्ट आपण सगळ्यांनी बघितला, अंगठे पाठवले. किती, हे एकीनंही विचारलं नव्हतं. सही न शिकलेल्या बाईनं विचारलं, कारण उत्तर तिला आधीच माहीत होतं. मी म्हटलं, असायला हव्यात त्याच्या निम्म्या.

तिनं सूप बाजूला ठेवलं. "मीच ती, गो," ती म्हणाली. "तुजी आयस नाय."

मग तिनं सांगितलं ते असं. त्या काळी खाडीवरच्या मिठागरांत हंगामाला बाहेरून माणसं यायची. डहाणूकडून की त्याहून वरून, ते तिला माहीत नाही. त्यातली एक बाई बाळंत होऊन तिथेच वारली. आपली आजी मीठ वाहायला जायची, तेव्हा दादा तिच्या अंगावर पीत होते. तिनं ते मूल उचललं आणि घरी आणलं. नवरा हंगाम संपल्यावर निघून गेला. पुन्हा आला नाही. आजीनं एका अंगाला दादांना, जोतीरामाला, घेतलं आणि दुसऱ्या अंगाला तुझ्या आईला, भागीरथीला. शिरवण्यातल्या चारदोन म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. पण लोकांनी पाठची बहीण म्हटलं आणि ते तसंच राहिलं. आत्याला आजीनं लग्नाच्या आदल्या दिवशी सांगितलं. "पोटची नायस, दुदाची हायस. सासरी बोलू नको." एवढंच.

आता साटंलोटं आठव. मुलगी देऊन मुलगी घेतली होती. मामाच्या आईनं आपली पोटची गोजरा, म्हणजे माझी आई, दिली, आणि बदल्यात जी घेतली ती कोणाची हे तिला कळलं असतं, तर तिनं फसवलं म्हणून आत्याला परत धाडली असती. आणि एक परत आली की दुसरीलाही परत पाठवायचं, हा तर नियमच. दोन्ही घरं त्याच दिवशी मोडली असती. तू नसतीस, मी नसते. आत्या म्हणाली, पहिली दोन वर्षं दाराची कडी वाजली की मी आधी फटीतून बघायचे, कोण आलंय.

मी विचारलं, मग कोणालाच कळलं नाही?

"तुज्या आयसला कललं."

आई लग्न होऊन आली त्याच वर्षी विहिरीवर एका म्हातारीनं तिला सांगितलं. आईचं वय तेव्हा एकोणीस-वीस. माहेर चालत जाण्याच्या अंतरावर. जाऊन आपल्या आईला एक वाक्य सांगितलं असतं तरी पुरलं असतं. सख्ख्या भावाला फसवलंय म्हणून तिला राग यायलाही हक्क होता. त्या गणपतीत आत्या माहेरी आली. दोघी मागच्या दारी मासळी साफ करत होत्या. आई मान वर न करता म्हणाली, "वन्सं, मना कललंय. तुमी गप र्‍हा, मी पन गप र्‍हाते."

त्यानंतर पन्नास वर्षांत दोघींनी पुन्हा त्याचा उच्चार केला नाही. तुझ्या बाबांनाही कधी सांगितलं नाही. आत्या म्हणाली, सांगावंसं खूपदा वाटलं, पण ते गुपित तिचं एकटीचं राहिलं नव्हतं.

आई भाऊबीजेला सगळ्यांच्या आधी आत्याची साडी घ्यायची, आठवतं? स्वतःची नंतर, उरलं तर. आपण चिडवायचो की गोजराबाई नणंदेला भितात. मला वाटायचं, असतो एकेकीचा स्वभाव.

आत्यानं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तू आयसला मनात काय बोल्लीस?" मी सूप ओढलं आणि जवळा निवडत बसले. तिनंही पुन्हा विचारलं नाही. घरी आल्यावर आधी आईचा फोटो पुसला. पूर्वी रोज पुसायचे तसाच.

तिथून निघायच्या आधी मी आत्याला म्हटलं, आता किट आणायचं कारणच उरलं नाही, तेजसला मी नाही सांगते. तिनं सुपातली एक मूठ आपल्या पुढ्यात घेतली. मग म्हणाली, "त्यात माजा कोन गवंल का?"

हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी सगळा वेळ कोण कमी होईल याचाच हिशेब करत होते. मी तिला खोटी आशा दाखवली नाही. सांगितलं की त्या साठ्यात लाखो माणसं आहेत, पण बहुतेक परदेशातली. मिठागरावरच्या माणसांची पोरं तिथे असतीलच असं नाही. त्यांच्यातला एखादा नातू-पणतू तेजससारखा बाहेर गेला असेल, हौसेनं नळीत थुंकला असेल, तर त्याचं नाव तिच्या नावाखाली येईल. आज नाही तर दहा वर्षांनी.

"मंग येऊ दे," ती म्हणाली. "मी काय कुटं चाललीय?" मग थोड्या वेळानं, "आयसचा नाव तरी कललं. मना तिला हाक मारायला नाव नाय."

तेव्हा ताई, किट आण. मी आधी लिहिलेलं सगळं मागे घेते. तेजसला किती सांगायचं ते तू ठरव, पण ग्रुपवर टाकण्याआधी त्यानं आजीला विचारावं. आणि तुला राग आला तर तो माझ्यावर काढ. तुझ्या आईनं तुझ्यापासून लपवलं असं तुला वाटेल. मलाही आधी तसंच वाटलं. पण ती बोलली असती तर कोणाचं काय झालं असतं ते वर लिहिलंय, ते परत एकदा वाच.

आता भाऊबीजेचं सांगते, त्यासाठीच हे पत्र इतके दिवस थांबवलं होतं.

दादा गेल्यापासून आत्या भाऊबीजेला माझ्याकडे येते आणि आमच्या गॅलरीतून चंद्राला ओवाळते. भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं. यंदा जयप्रकाश रिक्षानं तिला घेऊन आला. दार उघडंच होतं, मी आत निरांजनाची वात करत होते. आत्या ताट घेऊन उंबऱ्याशी उभी राहिली, चपला काढल्या, पण आत आली नाही. आपल्या घरी ती कशी येते तुला माहीत आहे. जिन्यातूनच हाका मारत, येता येता चपला उडवत, थेट स्वयंपाकघरात.

"वैजू," ती बाहेरून म्हणाली. "येऊ का?"

मी वात करायची थांबले. जाई पाणी घेऊन उभी होती, तीही तशीच राहिली. पन्नास वर्षं जी गोष्ट आईनं जपली ती माझ्या हातून आठवड्यात सुटते की काय असं वाटलं.

मी म्हटलं, "आत्या, चंद्र बुडेल समोरच्या बिल्डिंगमागे. लवकर ये."

ती आली. गॅलरीतून बीजेची चंद्रकोर दिसत होती, नखाएवढी, पाण्याच्या दोन टाक्यांच्या मधोमध. तिनं ओवाळलं. दरवर्षीसारखं पुटपुटली, त्यात जोती एवढंच मला ऐकू आलं. मग मी साडी दिली. तिनं घडी उलटून काठ बघितला आणि म्हणाली, तुझ्या आयसला निवडता येत होतं, तुला येत नाही. पुढच्या वर्षी दुकानात मी येईन.

मी बरं म्हटलं.

तुझी मामेबहीण,
वैजू